‘इंग्लिश येतंय काय?’ : जगात इंग्रजी नेमकी किती जणांना येते

शाळाप्रवेशाचे दिवस आले की सीमाभागातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘इंग्लिश आलं की जगात कुठं अडत नाही.’ बेळगाव असो, निपाणी असो नाहीतर म्हापसा, नातवाला मराठी शाळेत घालायचं की इंग्रजी माध्यमात, यावर आजोबा एका बाजूला आणि सून दुसऱ्या बाजूला अशी वाटणी झालेली असते. वादाचा निकाल बहुतेक वेळा याच वाक्यावर लागतो. त्यावर कुणी शंका घेत नाही. औषधाच्या पाकिटावर इंग्रजी, विमानतळाच्या पाट्यांवर इंग्रजी, बँकेच्या अर्जात बारीक अक्षरात इंग्रजी. मग सगळं जगच इंग्रजी बोलत असणार, असं वाटणं साहजिक आहे.

आकडे समोर मांडले की हिशोब जरा वेगळा निघतो.

जगातल्या भाषांची गणती ठेवणाऱ्या ‘एथ्नोलॉग’ या संदर्भकोशानुसार इंग्रजी येणारी माणसं दीडशे कोटींच्या आसपास आहेत. त्यांतल्या चाळीस कोटींहून थोड्या कमी लोकांची ती मातृभाषा. बाकीच्यांनी ती शाळेत, नोकरीत, बाजारात किंवा टीव्हीसमोर बसून शिकलेली. एकूण बोलणाऱ्यांत इंग्रजीचा नंबर पहिला, मँडरीन चिनीचा दुसरा. फक्त मातृभाषा धरली तर चिनी कितीतरी पुढं आहे आणि स्पॅनिशही इंग्रजीच्या वर आहे. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या पुढं गेली आहे. म्हणजे पाच माणसांत एकाला इंग्रजी येते, आणि तो एकही पुरता नाही. उरलेल्या चौघांचं सगळं आयुष्य, लग्नकार्यापासून कोर्टकचेरीपर्यंत, दुसऱ्या कुठल्यातरी भाषेत चाललेलं आहे.

दीडशे कोटी हा आकडाही पक्का धरून चालत नाही. ब्रिटिश कौन्सिलनं २०१३ मध्ये काढलेल्या अहवालात कामापुरती इंग्रजी येणारे १७५ कोटी दाखवले होते. दोन्हीत फरक पंचवीस कोटींचा, म्हणजे अमेरिकेच्या लोकसंख्येच्या पाऊण हिश्श्याएवढा. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलानं ताळेबंदात एवढी तफावत ठेवली तर गुरुजी वही परत करतील. पण इथं खोटं कुणीच बोलत नाही. घोळ ‘येते’ या शब्दात आहे. ‘इंग्लिश येतंय काय?’ असं विचारलं तर ‘येतंय की!’ म्हणणारा माणूस कदाचित दुकानाची पाटी वाचत असेल, कदाचित क्रिकेटचं समालोचन समजून घेत असेल, कदाचित फोनवर अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाशी अर्धा तास भांडतही असेल. गणतीत तिघांची नोंद सारखीच.

आयर्लंडचं उदाहरण इथं बोलकं आहे. भाषा इंग्रजी नाही, तिथली मूळची आयरिश आहे. पण मुद्दा तोच. २०२२ च्या जनगणनेत तिथं पावणेएकोणीस लाख लोकांनी आयरिश येते असं सांगितलं. त्या वेळी पहिल्यांदाच ‘किती चांगली येते?’ असा पुढचा प्रश्न विचारला गेला. निम्म्याहून जास्त लोकांनी ‘फारशी चांगली नाही’ असं उत्तर दिलं. शाळा-कॉलेज सोडून इतरत्र रोज आयरिश बोलणारे निघाले सुमारे बहात्तर हजार. इंग्रजीच्या बाबतीत जगातल्या फार थोड्या देशांनी हा दुसरा प्रश्न विचारला आहे.

तीन वर्तुळं

इंग्रजीचा पसारा समजून घ्यायला अभ्यासक अजूनही एका काश्मिरी माणसाच्या मांडणीचा आधार घेतात. श्रीनगरला जन्मलेले आणि पुढं अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ च्या सुमारास तीन वर्तुळं आखून दाखवली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे देश, जिथं इंग्रजी घरात बोलली जाते. मधल्या वर्तुळात भारत, पाकिस्तान, नायजेरिया, केनिया, सिंगापूर, म्हणजे गोऱ्यांचं राज्य होऊन गेलेले देश. तिथं इंग्रजी घरात कमी आणि कचेरीत जास्त. बाहेरच्या वर्तुळात चीन, जपान, ब्राझील, रशिया. तिथं ती परकी भाषा म्हणूनच शिकतात. चीननं तर २००१ मध्ये तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचं धोरण आणलं, त्यामुळं शिकणाऱ्यांची संख्या तिथं प्रचंड आहे. त्यातले बोलणारे किती, हा प्रश्न पुन्हा ‘येते’ या शब्दापाशी येऊन थांबतो.

आतल्या वर्तुळाबद्दल एक गंमत आहे. जिथं इंग्रजी सगळ्यात भक्कम, तिथं तिला कायद्याचा आधार सगळ्यात कमी. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय पातळीवर कायद्यानं ठरवलेली राजभाषा नाही. अमेरिकेतही स्वातंत्र्यापासून जवळपास अडीचशे वर्षं नव्हती. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशानं इंग्रजीला तो दर्जा मिळाला. तोही अशा देशात, जिथं पाच वर्षांवरच्या साधारण दर पाच माणसांत एक जण घरी दुसरी भाषा बोलतो. त्यात स्पॅनिश बोलणारेच चार कोटींच्या वर आहेत. ऑस्ट्रेलियातही २०२१ च्या जनगणनेत घरी फक्त इंग्रजी बोलणारे ७२ टक्के होते.

मधल्या वर्तुळात नेमकं उलट दिसतं. कायदा इंग्रजीच्या बाजूनं, घर दुसऱ्या भाषेचं. दक्षिण आफ्रिकेत सांकेतिक भाषा धरून बारा अधिकृत भाषा आहेत. २०२२ च्या जनगणनेत तिथं घरी इंग्रजी बोलणारे नऊ टक्क्यांहूनही कमी भरले. पण २०१७ पासून तिथल्या वरिष्ठ न्यायालयांच्या नोंदी फक्त इंग्रजीत ठेवल्या जातात. नायजेरियात पाचशेच्या वर भाषा आहेत आणि राजभाषा इंग्रजी आहे. बाजारात मात्र चालते ती पिजिन, म्हणजे इंग्रजी शब्द आणि आफ्रिकी वळण यांच्या मिश्रणातून तयार झालेली बोली. बीबीसीनं २०१७ मध्ये या पिजिनमध्ये वेगळी बातमीसेवा सुरू केली. ती बोलणाऱ्यांना इंग्रजीत मोजायचं की नाही, यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि तो आकडा कोट्यवधींचा आहे.

भारताचा हिशोब आणि दोन रकाने

भारताची गणती मात्र नीट उलगडून बघण्यासारखी आहे, कारण जगाच्या आकड्यात भारताचा वाटा मोठा आहे.

२०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे भारतभर फक्त दोन लाख साठ हजारांच्या आसपास होते. त्यातले लाखाहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख, आणि तिसरी म्हणून सांगणारे साडेचार कोटींच्या वर. तिन्ही मिळून तेरा कोटींना थोडी कमी अशी बेरीज झाली, म्हणजे लोकसंख्येच्या साडेदहा टक्के. योगायोग असा की त्याच जनगणनेत मराठी मातृभाषा असणारेही ८ कोटी ३० लाखच होते. ‘सगळ्या देशाला जोडणारी भाषा’ म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती दुसरी भाषा म्हणून सांगणारे लोक देशात मराठी घरांत जन्मलेल्या लोकांइतकेच.

हा आकडा आला कसा, ते बघण्यासारखं आहे. जनगणनेचा अर्ज भरायला येतात ते बहुतेक शाळेतले गुरुजी किंवा बाई. ते प्रत्येकाची मातृभाषा विचारतात आणि नंतर ‘आणखी कुठल्या भाषा येतात?’ असं विचारतात. २०११ च्या अर्जात या दुसऱ्या प्रश्नाला जास्तीत जास्त दोन भाषा लिहायची सोय होती, जी जास्त चांगली येते ती आधी. परीक्षा नाही, वाचून दाखवणं नाही. सांगेल ते लिहायचं.

आता लखनौचा एक कारकून धरा. मातृभाषा हिंदी, थोडीफार इंग्रजी. पहिल्या रकान्यात इंग्रजी गेली आणि तो इंग्रजी येणाऱ्यांत मोजला गेला. तशीच थोडीफार इंग्रजी येणारी खानापूरची एक बाई धरा. मातृभाषा मराठी. बाजारात, एसटीत, तालुका कचेरीत कन्नड. टीव्ही आणि सिनेमामुळं हिंदी. दोन रकाने संपले. तिची इंग्रजी लिहायला जागाच उरली नाही. वडोदऱ्यातल्या मराठी घराचं तेच, तिथं गुजराती आणि हिंदी यांनी जागा आधीच धरलेली. हैदराबादेत तेलुगू आणि हिंदी किंवा उर्दू. गोव्यात तर कोकणी, मराठी, हिंदी अशी गर्दी की इंग्रजी दाराबाहेरच उभी. ज्याला जास्त भाषा येतात, त्याचीच इंग्रजी गणतीतून गळण्याची शक्यता जास्त. सीमेवरच्या माणसाचा संबंध या आकड्याशी असा थेट येतो.

दुसऱ्या एका पाहणीनं वेगळा प्रश्न विचारला आणि वेगळं उत्तर मिळवलं. अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ आणि दिल्लीची एनसीएईआर यांनी २००५ च्या सुमारास देशभरातल्या एकेचाळीस हजारांवर घरांत पाहणी केली. तिथं इंग्रजीत बोलता येतं का, थोडं की सफाईदार, असं विचारलं होतं. प्रौढांतल्या साधारण वीस टक्क्यांनी बोलता येतं असं सांगितलं. सफाईनं बोलणारे फक्त चार टक्के. त्याच माहितीवर अर्थशास्त्रज्ञांनी पगाराचा हिशोब केला. शिक्षण, वय वगैरे गोष्टी सारख्या धरल्या तरी सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि थोडीफार बोलणाऱ्यांची १३ टक्क्यांनी.

शाळाप्रवेशाच्या वेळी सून जे म्हणते त्याला या आकड्याचा आधार आहे, हे आजोबांनी मान्य करायला हरकत नाही. पण त्याच पाहणीतला चार टक्के हा दुसरा आकडाही आजोबांनी सुनेपुढं ठेवावा. चौतीस टक्के जास्त कमाई मिळाली ती सफाईनं बोलणाऱ्यांना. इंग्रजी माध्यमाची पाटी लावलेल्या शाळेत घातलेलं प्रत्येक मूल तिथवर पोहोचतं, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

सरकारनं भाषा बदलली की

हीच पैज काही देशांनी अख्ख्या पिढीवर लावून पाहिली आहे. आफ्रिकेतला रवांडा हा छोटा देश पूर्वी बेल्जियमच्या ताब्यात होता, त्यामुळं शाळेत फ्रेंच चालायची. २००८ मध्ये सरकारनं ठरवलं की यापुढं शाळा इंग्रजीत. पुढच्याच वर्षी, ब्रिटिशांची वसाहत कधीच नसताना, तो देश राष्ट्रकुलात गेला. अडचण अशी की शिकवणारे बहुतेक शिक्षक फ्रेंचमध्ये तयार झालेले होते. ज्याला स्वतःला इंग्रजी धड येत नाही, त्यानं इंग्रजीतून गणित शिकवायचं. २०११ मध्ये सरकारनं एक पाऊल मागं घेतलं आणि पहिल्या तीन इयत्ता घरच्या किन्यारवांडा भाषेत केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा फिरून पहिलीपासून इंग्रजी जाहीर केली. दहा-बारा वर्षांत तीन वेळा माध्यम बदललं. त्या काळात पहिलीत बसलेल्या मुलांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

मलेशियानं २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली. खेड्यातली मुलं मागं पडू लागल्याची ओरड झाली, शिक्षकांचीही तारांबळ उडाली. २००९ मध्ये तो निर्णय मागं घ्यायचं ठरलं आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं मलय भाषा परत आली.

सिंगापूरची गोष्ट निराळी. तिथं इंग्रजी शाळेतून घरात शिरली. २०१० मध्ये घरी मुख्यतः इंग्रजी बोलणारे ३२ टक्के होते, २०२० मध्ये ते ४८ टक्क्यांवर गेले. एका दशकात एवढा बदल झाला तो आजी-आजोबांची चिनी बोली, तमिळ, मलय मागं सारून. मध्यंतरीच्या काळात बोलण्यात ‘सिंग्लिश’ नावाची खिचडी इतकी पसरली की २००० साली सरकारलाच ‘चांगली इंग्रजी बोला’ अशी मोहीम काढावी लागली. आकड्यापुरतं बघितलं तर मधल्या वर्तुळातला हा देश आतल्या वर्तुळाकडं सरकतो आहे.

युरोपात मात्र कुणी माध्यम बदललं नाही आणि तरी इंग्रजी पसरली. युरोपीय आयोगाच्या २०१२ च्या पाहणीत इंग्रजीत संभाषण करता येतं असं सांगणारे नेदरलँड्समध्ये ९० टक्के, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये ८६ टक्के होते. इटलीत ३४, स्पेनमध्ये २२, हंगेरीत २०. डच मुलं शिकतात डच शाळेतच. मग फरक कशामुळं पडला? एक कारण टीव्हीचं सांगितलं जातं. छोट्या देशांना परदेशी मालिकांवर आपल्या भाषेतले आवाज चढवणं परवडत नव्हतं, म्हणून खाली अक्षरं देऊन मूळ इंग्रजी आवाजच घराघरात गेला. इटली, स्पेन, फ्रान्स, जर्मनी यांनी खर्च करून आवाज बदलले. कारण पटण्यासारखं आहे, पण पूर्ण नाही. जर्मनीत आवाज बदलूनही निम्म्याहून जास्त लोकांना इंग्रजी येते. डच, स्वीडिश, जर्मन या इंग्रजीच्या सख्ख्या-चुलत बहिणी. हंगेरियन तिच्या नात्यातलीसुद्धा नाही. मराठी माणसाला कोकणी लवकर उमगते आणि कन्नडला वेळ लागतो, तसंच काहीसं.

चौदा आणि पंधरा हजार फूट

‘थोडीफार येते’ आणि ‘नीट येते’ यातलं अंतर किती महाग पडू शकतं, हे भारताच्याच आकाशात एकदा दिसलं. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचं बोईंग ७४७ उडालं होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन विमान दिल्लीत उतरायला येत होतं. दिल्लीच्या नियंत्रण कक्षानं सौदी विमानाला चौदा हजार फुटांवर आणि कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं. मध्ये हजार फुटांचं अंतर. समोरून विमान येतंय, हेही सांगितलं होतं. कझाक विमान पंधरा हजारांच्या खाली उतरलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीच्या वर दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. दोन्हीतली मिळून ३४९ माणसं गेली. एकही वाचलं नाही.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली आल्याचं निष्पन्न झालं, आणि त्यामागच्या कारणांत तिथल्या कर्मचाऱ्यांचं अपुरं इंग्रजी हेही आलं. त्या विमानात नियंत्रण कक्षाशी बोलायचं काम रेडिओ सांभाळणाऱ्या माणसाकडं होतं. विमान चालवणारा दुसरा. सूचना एकानं ऐकायची, अंमल दुसऱ्यानं करायचा.

बोलणारा दिल्लीचा भारतीय, ऐकणारे कझाकस्तानचे आणि सौदी विमानातले. कक्षातल्या माणसाच्या घरी इंग्रजी नाही आणि कझाकस्तानहून आलेल्यांच्याही नाही. जगातली इंग्रजी बरीचशी अशीच बोलली जाते. बोलणाऱ्या चौघांपैकी तिघांची ती मातृभाषा नसते, हे वरच्या आकड्यांवरून दिसतंच. अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं १९९८ मध्ये भाषेचा प्रश्न हाती घेतला. वैमानिक आणि नियंत्रक यांच्या इंग्रजीसाठी सहा पायऱ्यांची मोजपट्टी ठरली आणि किमान चौथी पायरी गाठलीच पाहिजे, असा नियम मार्च २००८ पासून लागू झाला. तयारी नसलेल्या देशांना २०११ पर्यंत सवलत द्यावी लागली. ‘येतंय की’ एवढ्यावर भागवायचं नाही, हे ठरवणारं बहुधा हे जगातलं सगळ्यात कडक क्षेत्र. आणि नियम एकतर्फी नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनीही वाक्प्रचार आणि घरगुती वळणं टाळून साधं बोलावं, असं संघटनेच्या मार्गदर्शनात आहे.

सीमेवर इंग्रजीचं काम

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात इंग्रजी फारशी कुणाच्या घरात नाही. पण ती दोन भाषांच्या मध्ये उभी राहते. शेतजमिनीचा जुना दावा घ्या. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं आजोबा-पणजोबांच्या काळचे कागद मराठीत, त्याहून जुने मोडीत. आजचा उतारा कन्नडमध्ये. दावा धारवाडच्या खंडपीठात गेला की कामकाज इंग्रजीत, कारण राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानं उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा तीच ठेवली आहे. एका जमिनीचे कागद तीन भाषांत आणि चार वळणांत, आणि प्रत्येक टप्प्यावर भाषांतराचे पैसे. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला, तोही इंग्रजीतच चालतो. मराठी आणि कन्नड यांच्यातल्या भांडणाची भाषा इंग्रजी.

शाळेच्या माध्यमाचं भांडणही तिथंच पोहोचलं. चौथीपर्यंतचं शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच द्यावं, असा आदेश कर्नाटक सरकारनं १९९४ मध्ये काढला होता. २००८ मध्ये उच्च न्यायालयानं खाजगी विनाअनुदानित शाळांपुरता तो उचलून धरला नाही, आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं माध्यम निवडणं हा पालकांचा आणि मुलाचा अधिकार आहे, सरकारला ते लादता येणार नाही, असा निकाल दिला. म्हणजे मातृभाषा कुठली हेही पालकच ठरवणार आणि माध्यमही तेच निवडणार. गोव्यात गाडी दुसऱ्या रस्त्यानं त्याच गावी गेली. तिथं प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर माध्यम कोकणी किंवा मराठी, असं वीसएक वर्षं चाललं. २०११ मध्ये सरकारनं इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्यायचं ठरवलं आणि आंदोलन पेटलं. एरवी एकमेकांशी भांडणारे मराठीवाले आणि कोकणीवाले त्या वेळी एका मंचावर दिसले.

या सगळ्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक जुनी तरतूद आहे, तिचा इंग्रजीशी संबंध उलट्या बाजूनं येतो. एखाद्या भागात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही निघावेत, असं केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेल्या योजनेत आहे. मराठीत कागद मिळत नाही आणि कन्नड वाचता येत नाही, तेव्हा माणूस ‘इंग्लिशमधी हाय काय?’ असं विचारतो. त्याला इंग्रजी नीट येते म्हणून नव्हे. शेजारच्या पोराला येते म्हणून.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झालेली आहे. घरी माणूस आला की बहुतेक वेळा कुटुंबातला एखादा थोरला सगळ्यांच्या वतीनं भराभर उत्तरं देऊन मोकळा होतो. सुनेची मातृभाषा कोकणी की मराठी, नातीला इंग्रजी कितपत येते, हे तिला कुणी विचारत नाही. इंग्रजीचा रकाना चुकला तर जगाच्या दीडशे कोटींत फार फरक पडणार नाही. मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलं जातंय, ते मात्र त्याच वेळी डोकावून बघावं. १५ टक्क्यांची मोजणी त्याच रकान्यावरून होते.